अजिंठ्यात दिवे एवढे मंद का?

अजिंठा पाहून आलेल्या माणसाला ‘कसं वाटलं?’ म्हणून विचारलं, की चित्रांच्या आधी तक्रार येते. ‘सगळं झ्याक हाय, पण आत काही दिसतच नाही. चार दिवे जास्त लावले असते तर काय बिघडलं असतं?’ कुणाला वाटतं वीज वाचवतात. कुणाला वाटतं सरकारी कारभार, बल्ब गेला असेल आणि कुणी बदलला नसेल. मग मोबाइलची बॅटरी पेटते, तिकडून रखवालदार ओरडतो आणि पद्मपाणीच्या चित्रासमोर वादावादी सुरू होते. संग्रहालयांतही तोच प्रकार. तलवारी-तोफांच्या दालनात लख्ख उजेड आणि शेजारी जुन्या पैठण्या ठेवलेली खोली अंधारी.

हा अंधार मुद्दाम ठेवलेला असतो. त्यामागे हिशेब आहे आणि तो कळायला फार विज्ञान लागत नाही. मात्र या हिशेबाच्या आडोशाने आपल्याकडे पुष्कळदा निव्वळ वाईट प्रकाशयोजनाही खपून जाते. तिकीट काढून आत जाणाऱ्याला या दोहोंतला फरक कळला पाहिजे.

उजेड मोजतात कसा

उजेडाचं माप लक्स. एक चौरस मीटर जागेवर किती प्रकाश पडतोय ते हे माप सांगतं. मेणबत्तीपासून एक मीटरवर साधारण एक लक्स उजेड असतो. पौर्णिमेचं चांदणं कितीही पिठूर वाटलं तरी ते लक्सचा चौथा-पाचवा हिस्सा. रात्री घरात ट्यूबलाइटखाली शंभर-दोनशे लक्स, अभ्यासाच्या टेबलावर तीनशे ते पाचशे. आभाळ भरून आलेलं असलं तरी अंगणात काही हजार. आणि मे महिन्यातल्या भर दुपारी परभणीच्या रस्त्यावर? एक लाखाच्या आसपास.

संग्रहालयांचे ठरलेले आकडे यापुढे अगदीच किरकोळ वाटतात. कापड, कागद, जलरंग यांच्यावर ५० लक्स. तैलचित्रांवर दीडशे-दोनशे. दगड, धातू, भाजकी माती यांना बंधन नाही. लंडनच्या नॅशनल गॅलरीतले शास्त्रज्ञ गॅरी थॉमसन यांच्यासारख्या लोकांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे आकडे रुळवले आणि थोड्याफार फरकाने जगभर आजही तेच चालतात. तलवारींच्या दालनात उजेड का आणि पैठणीच्या खोलीत अंधार का, याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं. उरलेल्या अर्ध्यासाठी रंगाकडे वळावं लागेल.

रंग उडतो म्हणजे काय होतं

पांढऱ्या कपड्यावर हळदीचा डाग पडला आणि साबण लावला, तर तो जात नाही, उलट लाल होतो. तेच कापड दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळत घातलं की डाग फिका पडत पडत निघून जातो. हळद वसमतची असो की सांगलीची, हे प्रत्येक घरात माहीत असतं. इथे उन्हाने काही धुतलेलं नसतं. त्याने रंगाचा रेणूच मोडलेला असतो.

प्रकाश ऊर्जेच्या सुट्या कणांनी येतो. तांबड्या प्रकाशाच्या कणात ऊर्जा कमी, निळ्या-जांभळ्यात जास्त आणि जांभळ्याच्याही पलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण सगळ्यांत जोरकस. असा कण रंगाच्या रेणूवर आदळला की कधीतरी त्यातला एखादा बंध तुटतो. मोडलेला रेणू पूर्वीसारखा रंग दाखवत नाही. असे कोट्यवधी रेणू मोडले, की आपण म्हणतो रंग उडाला.

सगळे रंग सारखे कच्चे नसतात. नीळ बऱ्यापैकी तग धरते, मंजिष्ठेचा तांबडा मध्यम, हळद आणि कुसुंबा मात्र फारच नाजूक. कुसुंबा म्हणजे करडईच्या फुलांपासून काढलेला गुलाबी-लाल रंग. करडई तर आपल्या शिवारातलं पीक. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या एका वाणाचं नावच ‘परभणी कुसुम’ आहे. आज आपण ती तेलासाठी लावतो, पण पूर्वी या फुलांनी कापड रंगवत आणि तो रंग उन्हाला टिकत नसे. जुन्या वस्त्रात एखादा पट्टा मळकट बदामी दिसला, तर तो मुळात तसाच होता असं धरून चालू नये.

काही रंग उडण्याऐवजी काळवंडतात. जुन्या पोथ्यांतली लाल अक्षरं बहुधा हिंगुळाची असतात. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचं संयुग. ते उजेडात राहिलं की हळूहळू काळपट होतं. त्याच पानावरची काजळाची शाई मात्र होती तशीच, कारण काजळ म्हणजे निव्वळ कोळसा, त्याला उजेड काही करत नाही. कागदाचंही तसंच. दौलताबादजवळ कागजीपुऱ्यात होणारा हातकागद पुष्कळ सोसतो आणि लाकडाच्या लगद्याचं वर्तमानपत्र खिडकीत चार दिवस पडलं तरी पिवळं पडतं. म्हणजे एका पोथीत कागद, काळी शाई आणि लाल शाई अशा तीन वस्तू असतात आणि तिघींची सहनशक्ती वेगळी. दिवा मात्र तिन्हींसाठी एकच लावायचा असतो. तो सगळ्यांत नाजूक असलेलीच्या मानाने लावावा लागतो.

आवक नसलेलं धरण

नुकसान किती होणार हे किती लक्स आणि किती तास या दोन आकड्यांच्या गुणाकारावर ठरतं. ५० लक्समध्ये १०० तास काय आणि ५०० लक्समध्ये १० तास काय, परिणाम जवळपास तोच. शिवाय हे नुकसान साचत जातं. रात्रभर अंधारात ठेवल्याने रंग भरून येत नाही. जायकवाडीचा साठा तळाला गेला तरी वर नाशिक-नगरकडे पाऊस झाला की पुन्हा आवक सुरू होते. जुन्या पैठणीच्या रंगाचं धरण असं आहे, की त्यात आवक कायमची बंद, फक्त विसर्ग. दरवाजा किती उघडायचा आणि किती दिवस, एवढंच आपल्या हातात. आणि पाणी थेंबभरही सोडायचं नाही म्हटलं, तर मग धरण कशाला?

विसर्ग किती असावा याचे आकडे आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने २००४ साली सुचवले. अतिशय नाजूक वस्तूला वर्षाला १५,००० लक्स-तास. मध्यम नाजूक वस्तूला १,५०,०००. त्याहून टणक, पण उजेडाचा थोडा परिणाम होणाऱ्या वस्तूला ६,००,०००. लक्स-तास म्हणजे तोच वरचा गुणाकार.

आता गणित करून पाहू. एक संग्रहालय रोज सात तास, आठवड्यातले सहा दिवस उघडं असतं असं धरा. वर्षाचे झाले २,१८४ तास. ५० लक्सचा दिवा लावला तर वर्षाला १,०९,२०० लक्स-तास. मध्यम नाजूक वस्तूच्या मर्यादेत हे बसतं. पण कुसुंब्याने रंगवलेल्या वस्त्राचा १५,००० चा वाटा याच दिव्याखाली ३०० तासांत, म्हणजे ४३ दिवसांत संपतो. उरलेले दहा-अकरा महिने ते कपाटात. जुनी, दुर्मीळ वस्त्रं ‘सध्या प्रदर्शनात नाहीत’ अशी पाटी दिसली की चिडू नका, बहुतेक वेळा तो विसावा असतो.

त्याच वस्त्रावर ३०० लक्सची ट्यूब असेल तर वर्षाचा वाटा एका आठवड्यात खलास. आणि खिडकीतून थेट ऊन पडत असेल, समजा ५०,००० लक्स, तर १८ मिनिटांत. हा शेवटचा आकडा प्रत्येक संग्रहालयाच्या भिंतीवर लिहून ठेवावा असं मला वाटतं. कारण आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या इमारतींत दिव्यांवर चर्चा होते आणि पश्चिमेची खिडकी तशीच उघडी असते.

पण अजिंठ्याचे रंग तर मातीचे

इथे जाणकार वाचक अडवणारच. अजिंठ्याचे रंग गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना, काजळ आणि अफगाणिस्तानातून आलेल्या राजावर्त दगडाच्या पुडीचा निळा. हे सगळे खनिज रंग. पंधराशे वर्षांत उडाले नाहीत, ते दोन दिव्यांनी उडतील?

आक्षेप बरोबर आहे. गेरूला उजेडाचं भय जवळपास नाही. पण भिंतीवर नुसता गेरू नाही. खडकावर मातीचा गिलावा आहे, त्यात भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवलेले आहेत. त्यावर पांढरा हात, त्यावर डिंक-सरसासारख्या चिकट द्रव्यात खललेले रंग. अजिंठ्याची चित्रं ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत, कोरड्या पृष्ठभागावर काढलेली आहेत. रंग धरून ठेवणारं हे द्रव्य आणि आतलं तूस-काडी दोन्ही सेंद्रिय. दिव्याच्या उष्णतेने पृष्ठभाग तापला, रात्री निवला, पुन्हा तापला, की गिलावा फुगतो-आकसतो आणि पापुद्रे सुटतात.

दुसरं कारण किडे. प्रखर दिव्यावर किडे येतात हे पावसाळ्यात जेवायला बसणाऱ्या कुणालाही सांगायला नको. अजिंठ्याच्या गिलाव्याचं किड्यांनी बरंच नुकसान केलं आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले. वेरूळचा गिलावा किड्यांपासून बचावला तो त्यामुळे आणि अजिंठ्यात तो घटक नाही, असा संशोधकांचा निष्कर्ष होता. (भांगेचा असा सदुपयोग ऐकून वेरूळच्या गाइडांना एक गोष्ट नवी मिळाली असेल.)

तिसरं कारण शेवाळ. दमट गुहेत सतत उजेड राहिला की भिंतीवर हिरवं चढतं. फ्रान्समधली लास्को ही आदिमानवाच्या चित्रांची गुहा १९४८ मध्ये लोकांसाठी उघडली आणि १९६३ मध्ये बंद करावी लागली. माणसांचे श्वास, ओलावा आणि दिवे यांनी भिंतींवर शेवाळ धरलं होतं. आज तिथे जाणारे लोक हुबेहूब प्रतिकृती पाहतात.

आणि चित्रं काळोखी दिसण्याचं खापर दिव्यांवर फोडण्याआधी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. निजाम सरकारने १९२० च्या सुमारास इटलीहून दोन तज्ज्ञ आणून चित्रांची डागडुजी करवली. पापुद्रे पुन्हा चिकटवण्याचं त्यांचं काम मोलाचं होतं. पण चित्रांवर चपडी लाखेचे, व्हार्निशचे जे थर बसले, ते काळाबरोबर पिवळे-तपकिरी पडले. त्यावर धूर आणि वटवाघळांची घाण. तपकिरी थर निळा प्रकाश गिळतो. त्यामुळे अशा ठिकाणी दिवा दुप्पट केला तरी राजावर्ताचा निळा दुपटीने खुलत नाही, तपकिरीच जास्त उजळते. तिथे उपाय दिव्याचा नाही, सफाईचा आहे. पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ तो बोटभर-बोटभर जागा घेऊन वर्षानुवर्षं करत आले आहेत.

५० लक्समध्ये दिसतं तरी का?

दिसतं, पण डोळ्याला वेळ दिला तर. अजिंठ्यात माणूस पायऱ्या चढून, घामाघूम होऊन, लाखभर लक्सच्या उन्हातून थेट पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात शिरतो. सर्वांत महत्त्वाची चित्रं नेमकी तिथेच. उजेड एका पावलात हजारो पटींनी घटतो. डोळ्याची बाहुली काही सेकंदांत मोठी होते, पण पडद्यावरच्या पेशींना जुळवून घ्यायला पाच-दहा मिनिटं लागतात आणि अगदी काळोखात पूर्ण क्षमता यायला अर्धा तासही लागू शकतो. आपला मुक्काम एका लेण्यात असतो तीन मिनिटं. म्हणजे डोळा तयार होतो तेव्हा आपण बाहेर पडून पुन्हा उन्हात उभे असतो.

तेव्हा चढून येतानाच काळा चष्मा किंवा टोपी घालावी. ओसरीत जरा थांबावं. आत गेल्यावर आधी छत, खांब बघावेत आणि मुख्य चित्राकडे शेवटी वळावं. सतरा क्रमांकाच्या लेण्यात ओसरीतच चित्रं आहेत, ती आधी नीट पाहिली तर आत जाईपर्यंत डोळा आपोआप निवलेला असतो. चांगल्या संग्रहालयात हीच ओसरी मुद्दाम बांधतात. प्रवेशाकडून आत जाताना उजेड टप्प्याटप्प्याने उतरत जातो आणि नाजूक दालन शेवटी येतं. ज्या संग्रहालयात उघड्या अंगणातून थेट वस्त्रदालनात प्रवेश आहे, तिथे ५० लक्स पाळूनही लोकांना काळोखच दिसणार. दोष दिव्याचा नाही, वाटेचा.

आता मोबाइलची बॅटरी. वीतभर अंतरावर ती शेकडो लक्स टाकते, पण अंतर वाढलं की तिचा जोर झपाट्याने ओसरतो, दुप्पट अंतराला चौथाई. कठड्याबाहेर दोन मीटरवर उभं राहून मारली तर चित्रावर जेमतेम चार-पाच लक्स पोचतात. चित्र काही उजळत नाही, पण आजूबाजूच्या वीस माणसांचे नुकतेच स्थिरावलेले डोळे पुन्हा दिपतात. रखवालदार ओरडतो ते चित्रासाठी असेल, आपण ओरडावं ते स्वतःसाठी.

फ्लॅशबद्दल मात्र थोडं सौम्य बोलावं लागेल. फ्लॅशचा झोत प्रखर असला तरी क्षणार्धाचा असतो आणि एका फ्लॅशचा एकूण प्रकाश म्हणजे मंद दिव्याखालचे काही सेकंद, असं मोजून पाहणाऱ्यांचं म्हणणं आहे. ‘एक फोटो काढला आणि चित्र खराब झालं’ असं काही नसतं. पण फ्लॅशला परवानगी दिली की गर्दीतल्या प्रत्येकाला द्यावी लागते आणि सतत लुकलुकणाऱ्या खोलीत कुणालाच काही दिसत नाही. बंदी योग्यच आहे. तिचं कारण सांगताना उगाच भीती घालू नये इतकंच.

म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं?

हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळं पडतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले आजोबा ‘आभाळ एवढं निळं होतं व्हय!’ म्हणतात ते उगाच नाही. म्हणजे ५० लक्सची खोली नातवासाठी ठीक आणि आजीसाठी सतरा लक्सची. पैठणीची खरी पारख तर आजीलाच.

५० हा काही देवाने दिलेला आकडा नाही. धडधाकट तरुण डोळ्याला सगळे रंग ओळखू येण्यासाठी पुरेसा, म्हणून तो धरला गेला. कॅनडाच्या संवर्धन संस्थेतल्या तज्ज्ञांनी यात सूट सुचवली. पाहणारा वयस्क असेल तर तिप्पटपर्यंत उजेड, वस्तू फार गडद असेल तर तिप्पट, बारीक कलाकुसर पाहायची असेल तर तिप्पट. मात्र उजेड वाढवला तर वेळ त्या हिशेबाने घटवायची. गुणाकार कायम ठेवायचा.

हे करायला अवघड काही नाही. काचपेटीशी एक बटण ठेवायचं. दाबलं की दीडशे लक्सचा दिवा दोन मिनिटं लागतो आणि आपोआप विझतो. किंवा माणूस जवळ आला की दिवा उजळावा, असा सेन्सर. आठवड्यातल्या साध्या वारी आपल्या लहान संग्रहालयांत तासन्तास कुणी फिरकत नाही आणि दिवे मात्र दहापासून पाचपर्यंत चालू. रिकाम्या खोलीत उधळलेला तो उजेड बंद केला, तरी आलेल्या माणसाला तिप्पट उजेड देऊन वर शिल्लक उरेल. सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे काचेवर जाड काळं कापड. ज्याला पाहायचं त्याने उचलावं, पाहावं, सोडून द्यावं.

एलईडी लावले की प्रश्न मिटला?

अर्धा मिटतो. जुना पिवळा बल्ब उष्णता फेकायचा, ट्यूबलाइटमधून थोडे अतिनील किरण निसटतात, हॅलोजनमध्ये दोन्ही. एलईडीच्या झोतात अतिनील जवळपास नाही आणि उष्णताही दिव्याच्या पाठीमागे राहते. म्हणूनच व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपेलमध्ये २०१४ साली सुमारे सात हजार एलईडी बसवले आणि पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात मोनालिसावरही एलईडीच आला.

पण दिसणारा प्रकाशही रंग मोडतो. विशेषतः निळा. पांढरा एलईडी मुळात निळा दिवा असतो, त्यावर पिवळा लेप देऊन पांढरा केलेला. चित्रकार व्हॅन गॉगच्या चित्रांतला झगझगीत क्रोम पिवळा तपकिरी का पडतो याचा शोध युरोपातल्या शास्त्रज्ञांनी २०११ च्या सुमारास लावला. प्रकाशामुळे त्यातल्या क्रोमियमचं रासायनिक रूपच बदलतं आणि या बदलाला अतिनीलइतका नसला, तरी निळाही हातभार लावतो. तेव्हा ‘एलईडी आहे, कितीही लावा’ हे खरं नाही. लक्स-तासांचा हिशेब एलईडीलाही लागू.

शिवाय सगळे एलईडी सारखे नसतात. साडीच्या दुकानात बायका साडी उचलून दारात नेऊन पाहतात, कारण आतल्या दिव्यात दिसलेला मोरपंखी बाहेर भलताच निघतो. दिव्याच्या प्रकाशात एखादा रंगपट्टा कमी असेल, तर वस्तूतला तो रंग मरतो. वस्तूचे रंग दिवा किती खरे दाखवतो याचा निर्देशांक म्हणजे सीआरआय, कमाल १००. बाजारातले स्वस्त दिवे सत्तर-ऐंशीचे असतात. संग्रहालयाला नव्वदच्या वरचाच हवा आणि त्यातही एक मेख आहे. हा आकडा आठ फिकट रंगांवरून काढतात, गडद लाल त्यात धरलेलाच नाही. त्याचा वेगळा आकडा असतो, आर-नऊ. नव्वद सीआरआयचा दिवाही आर-नऊमध्ये नापास होऊ शकतो. आणि आपल्याकडे पाहण्यासारखं जे आहे, अजिंठ्याचा गेरू, पैठणीचा कुंकवासारखा काठ, हिमरू कापडाची तांबडी वेलबुट्टी, त्यात लालच भरलेला. दिवे मागवताना आर-नऊ विचारला नाही तर ५० लक्समध्ये लाल मातकट दिसतो आणि लोक म्हणतात उजेड कमी आहे.

तिसरी गोष्ट, दिव्याचा पांढरेपणा. खोक्यावर २७००, ३०००, ४०००, ६५०० असे केल्विनमधले आकडे असतात. आकडा लहान तर उजेड पिवळसर, मोठा तर निळसर. आपल्याकडे घराघरांत ६५०० चा पांढराफेक दिवा लोकप्रिय आहे, गरमीत तो थंड वाटतो म्हणून असेल. पण कमी उजेडात निळसर पांढरा उदास दिसतो, असं क्रुइटहोफ या डच शास्त्रज्ञाने १९४१ मध्ये मांडलं. पुढच्या प्रयोगांत त्याचं सगळंच सिद्ध झालं नाही, तरी ५० लक्सच्या खोलीत ३००० ते ४००० केल्विनच्या दरम्यानचा दिवा बहुतेकांना बरा वाटतो. कुणी म्हणेल, चित्रकारांनी तर तेलाच्या दिव्यात रंगवलं असेल, मग तसाच तांबूस उजेड का नको? तेलाच्या दिव्यात राजावर्ताचा निळा काळाच दिसतो. आणि विजेचे दिवे येण्याआधी अजिंठ्यातले पहारेकरी आरसे आणि पत्रे धरून बाहेरचं ऊन आत परतवून चित्रं दाखवत असत. त्या वेळच्या पाहुण्यांनी निळा पाहिला तो उन्हाचा.

दगडाला कसला धोका?

काहीच नाही. वेरूळच्या कैलासावर रोज लाखभर लक्स पडतात. दगडाचा प्रश्न उजेडाच्या प्रमाणाचा नसून दिशेचा आहे. समोरून सरळ झोत मारला की सावल्या मरतात आणि खोल कोरलेली मूर्ती सपाट दिसते. बाजूने, तिरपा उजेड आला की दागिन्यांची मणीमाळ, बोटांची पेरं उठून येतात. औंढा नागनाथच्या मंदिराच्या भिंती सकाळी किंवा उतरत्या उन्हात पाहाव्यात, भर बाराला नाही. संग्रहालयात मूर्तीच्या बरोबर डोक्यावर ट्यूब लावली की कपाळ चमकतं, डोळे खोबणीत जातात आणि शांत बुद्ध रागावलेला दिसतो. हे पाप फार ठिकाणी झालेलं आहे.

चित्राला तिरपा झोत चालत नाही, कारण पृष्ठभागाचा प्रत्येक खडबडीतपणा दिसू लागतो आणि चौकटीची सावली पडते. तिथे दिवा वरून, भिंतीच्या उभ्या रेषेशी साधारण ३० अंशांच्या कोनात ठेवतात. काच असेल तर आणखी पंचाईत. काचेत दिसतो तो समोरचा उजळ भाग, म्हणजे मागची खिडकी किंवा आपलाच पांढरा सदरा. माझ्या मते आपल्या संग्रहालयांतली ‘दिसत नाही’ ही तक्रार जेवढी मंद दिव्यांमुळे, तेवढीच या प्रतिबिंबांमुळे असते. खिडकीला पडदा घातला तर उजेड घटतो आणि वस्तू जास्त स्पष्ट दिसते, हे करून पाहिल्याशिवाय पटत नाही.

हस्तिदंत आणखी वेगळा. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सापडलेली सातवाहन काळातली हस्तिदंती बाहुली इटलीत पाँपेईला सापडलेल्या मूर्तीशी मिळतीजुळती म्हणून जगभर ठाऊक आहे. अशा वस्तूला रंग उडण्यापेक्षा कोरडेपणाचं भय जास्त. पेटीच्या आत गरम दिवा ठेवला की हस्तिदंत सुकतो आणि तडकतो. दिवा पेटीबाहेर हवा.

उडालेला रंग उजेडानेच परत आणता येईल?

एकदा तसं झालंय. अमेरिकन चित्रकार मार्क रॉथको यांची मोठी चित्रं १९६४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या एका जेवणाच्या दालनात लावली. खोलीला मोठाल्या खिडक्या. त्यातला एक लाल रंग इतका उडाला, की १९७९ मध्ये चित्रं उतरवून आत ठेवून दिली. २०१४ मध्ये हार्वर्डच्या संग्रहालयाने प्रोजेक्टरमधून प्रत्येक बिंदूवर हिशेबाने रंगीत प्रकाश टाकला. कॅनव्हासला हात न लावता जुना लाल पुन्हा दिसू लागला. रोज दुपारी चारला प्रोजेक्टर बंद करत, म्हणजे लोकांना खरं चित्रही दिसे.

अजिंठ्यात असं करावं का? मूळ भिंतींवर नको, कारण तो जादा उजेडच झाला. पण अजिंठ्याच्या पायथ्याशी १, २, १६ आणि १७ या लेण्यांच्या प्रतिकृती बनवलेल्या आहेत. तिथे ५०० लक्स लावा, प्रोजेक्टर लावा, शाळेच्या सहलींना रंग ओळखायचे खेळ द्या, काही बिघडत नाही. आधी प्रतिकृतीत चित्र ओळखीचं करून घ्यायचं आणि मग वर जाऊन मंद उजेडात मूळ पाहायचं. ओळखीचा चेहरा कमी उजेडातही चटकन सापडतो.

तालुक्याच्या संग्रहालयाने काय करावं

मोठ्या निधीची वाट पाहायची गरज नाही. लक्स मोजायचं यंत्र हजार-दोन हजारांत मिळतं. ते घेऊन एकदा सकाळी, एकदा दुपारी प्रत्येक पेटीवर मोजावं, विशेषतः पश्चिमेच्या भिंतीवर. खिडक्यांना दुहेरी मांजरपाटाचे पडदे लावावेत. कापड आणि पोथ्या आतल्या खोलीत हलवाव्यात, दगड आणि तांबे-पितळ खिडकीजवळ आणावं. उजेडाचा खर्च शून्य असलेल्या वस्तू पुढे, महागड्या मागे. पेटीतल्या ट्यूबा काढून नव्वदवरच्या सीआरआयचे एलईडी बाहेरून लावावेत. पोथीचं उघडं पान दर तीन महिन्यांनी उलटावं, म्हणजे एकाच पानावर सगळा भार येत नाही.

आणि एक निळ्या लोकरीची पट्टी आणावी. तिच्यावर आठ निळे तुकडे असतात, पहिला सगळ्यांत कच्च्या रंगाचा, पुढचा प्रत्येक आधीच्याहून पक्का. अर्धी पट्टी जाड कागदाने किंवा चंदेरी फॉइलने झाकून पैठणीच्या शेजारी पेटीत ठेवायची, मागे तारीख लिहायची. वर्षाने झाकण काढून दोन्ही अर्धे ताडून पाहायचे. पहिला तुकडा फिकटला असेल तर चालण्यासारखं आहे. तिसरा-चौथाही फिकटला असेल, तर त्या पेटीतली पैठणी त्याच दिवशी कपाटात जायला हवी.